दहा नंबरचा मोर

आमच्या दुकानात एक खांब आहे. दारातून आत पाऊल टाकलं की नाकासमोर, जिथं कोणत्याही शहाण्या माणसानं खांब उभा केला नसता तिथं. गोल, जाडजूड, वरच्या दोन मजल्यांचा भार घेऊन उभा. दुकान सोलापुरात, चादरी-टॉवेलचं. गिऱ्हाइकाला आधी खांब दिसायचा आणि मग खांबाच्या अलीकडून-पलीकडून डोकावणारे आम्ही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, एवढा मानाचा खांब आहे तर त्यामागं काही कथा असेल. कथा एवढीच निघाली, की बांधताना मिस्त्रीनं नकाशा उलटा धरला होता.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या म्हणायचे. आमच्या भागात तशीच रीत आहे. दुकान खरं तर आत्या चालवायच्या. रस्त्यावरून नुसतं बघत जाणाऱ्या बाईला त्या अशा काही हाक मारायच्या, की त्या बाईला आपली मावशीच भेटल्यासारखं व्हायचं. मग ती बाई दोन चादरी आणि अर्धा डझन टॉवेल घेऊनच बाहेर पडायची. मामा गादीवर बसून असायचे. त्यांची ख्याती वेगळीच होती. धागा दोन बोटांत चोळून, डोळे मिटून, ते सुताचा नंबर सांगायचे. सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, हे आमच्या घरातली पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात. मामांच्या खिशात सूत मोजायचं एक छोटं भिंग असायचं. लग्नाला गेले तरी आहेराच्या कापडावर ते ठेवून बघितल्याशिवाय त्यांना जिलेबी गोड लागत नसे.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेल्या आणि दुकानातला आवाज गेला. मामा सकाळी येऊन गादीवर बसायचे आणि खांबाकडं बघत राहायचे. गिऱ्हाईक आलं तरी त्यांना उठावंसं वाटत नसे. कुणी भाव विचारला तर भाव सांगायचे, कुणी घासाघीस केली तर "बरं, न्हेवा" म्हणायचे. घासाघीस न करता "न्हेवा" म्हणणारा दुकानदार बघून गिऱ्हाइकालाच संशय यायचा आणि ते माल ठेवून निघून जायचं. मी माझ्या परीनं बोलायचे. पण माझ्या हाकेत आत्यांची मावशी नाही, माझ्या हाकेत पोलीसपाटील आहे. मी बोलावलं की माणसं घाईनं पुढं सरकतात.

अशात एका चपला-बुटांच्या कंपनीचा माणूस आला. त्यांना शोरूमला जागा हवी होती. पांढरा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, बोलणं इतकं गोड की चहात साखर घालायला नको. मामांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "देऊन टाकू भाड्यानं. मी घरी निवांत पडीन." त्या 'निवांत'ची मला धडकी भरली. भाड्याचं मला काही नव्हतं. पण रोज आंघोळ करून, टोपी घालून बाहेर पडणारा हा माणूस. घरी पडला, तर भिंतीकडं तोंड करून जो पडेल तो उठायचा नाही, हे मला दिसत होतं. मी भांडले. नवऱ्याला मध्ये घ्यायचा प्रयत्न केला, पण तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे माग सांभाळतो, आणि मागांच्या खडखडाटात इतकी वर्षं काढल्यावर त्याला घरातलं भांडण ऐकू येत नाही, असं तो म्हणतो. शेवटी मामांनी बूटवाल्याला सांगितलं, "लग्नसराई सरू द्या, मग सांगतो." तेवढी मुदत मला मिळाली.

मुदतीत करायचं काय, हे मला एका लग्नात सुचलं. त्या मंगल कार्यालयात खांबाला गुंडाळलेला स्क्रीन होता. रबरासारखा वाकणारा, खांबाच्या अंगाला अंग लावून बसलेला, आणि त्यावर नवरा-नवरीचे फोटो गोल गोल फिरत होते. नवरदेवाचं नाक खांबाच्या मागं जाई आणि दुसऱ्या बाजूनं परत येई. सगळे अक्षता टाकत होते आणि मी खांबाला प्रदक्षिणा घालत होते. आपल्याकडं खांब आहे, म्हटलं. कामाला लागू दे की त्याला पण!

स्क्रीन लावणारे आमच्याच शहरातले चाचा होते, मांडवाची लाइटिंग करता करता यात पडलेले. ते दुकानात आले, खांबाला मिठी मारून त्याचं माप घेतलं आणि म्हणाले, "खंबा एक नंबर हाय भाभी. आता पिच बोला. पी-दोन, पी-अडीच, पी-चार, काय पाहिजे?"

पिच म्हणजे दिव्याच्या एका दाण्यापासून शेजारच्या दाण्यापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. पी-दोन म्हणजे दोन, पी-चार म्हणजे चार. दाणे जवळजवळ असले की चित्र बारीक येतं आणि भाव चढतो. लांब लांब असले की जवळून चित्र फुटतं, पण लांबून ठीक दिसतं. चाचांचा ढोबळ हिशोब असा होता, की जितके मिलिमीटर, निदान तितके मीटर लांबून बघायचं. मला हे पटकन कळलं, कारण मी मंगळवेढ्याची. पाभरीनं पेरलेल्या ज्वारीत उतरलं की दोन ओळींमधली काळी माती तेवढी दिसते, आणि बांधावर जाऊन वळून बघितलं की सगळं रान हिरवंगार. चाचांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "हौ, वोइच. फक्त खत नक्को, बिजली देना."

मी कापड मोजायची मीटरपट्टी घेऊन जमिनीवर बसले. खांबापासून गिऱ्हाइकाच्या बाकापर्यंत बरोबर चार मीटर भरलं. म्हणजे पी-चार. चाचा अडीचसाठी गळ घालत होते. "भाभी, अडीचमधे मोराची पापनीसुद्धा दिसंल." मला खांबावर मोरच नाचवायचा होता, आमच्या चादरीवरचा मोर. मग मोराला पापणी असते की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. त्यात चाचा हरले नाहीत आणि मीही हरले नाही, पण पिच चारच ठरलं.

नेमकं त्याच वेळी भावाकडं बारसं निघालं. मी तीन-चार दिवसांसाठी मंगळवेढ्याला गेले. परत आले ती थेट स्टँडवरून दुकानात, बॅगेसकट. खांबाला स्क्रीन बसला होता. मामा गादीवर ताठ बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी होतं. अभिमानच होता तो. मी खांबाकडं बघितलं.

खांबावर रंगीत दाणे पसरले होते. निळे, हिरवे, मध्येच एक तांबडा. दोन दाण्यांच्या मध्ये करंगळी बसावी एवढा अंधार. ते सगळे दाणे हळूहळू डावीकडं चालले होते. मी पुढं झाले, मागं झाले, डोळे बारीक केले, बाकावर बसले, बाकावर उभी राहिले. काही केल्या मोर दिसेना.

"चालू हाय का हे?" मी विचारलं.

"व्हय की," मामा म्हणाले. "मोर हाय त्यो. नाचतोय."

मी चाचांना फोन लावला. चाचा बिचारे शांतपणे म्हणाले, "भाभी, मी पी-चार पाठवू का म्हणून विचारायला फोन केलता. सेठ बोलले, चार नक्को, दहा पाठव. मी बोललो, सेठ, दहा तर चौकातल्या बोर्डाला लावतेत. सेठ बोलले, मला शिकवू नक्को."

फोन ठेवून मी मामांकडं वळले. माझा आवाज चढला होता आणि तो मी उतरवला नाही. "मामा, चार ठरलं हुतं. दहा का मागवलं तुमी?"

"चार नंबर?" मामांनी असं तोंड केलं, जसं काही मी ताटात शिळी आमटी वाढली होती. "अगं, चार नंबरच्या सुताचं काय हुतंय ठावं हाय का? जाजम! लोकं पाय पुसतील त्यावर. दहा नंबर म्हंजे जरा तरी बारीक. त्यो तर वर स्वस्तात द्यायला तयार झाला. येडा हाय."

मला सगळा उलगडा झाला. साऱ्या सोलापुरात हा घोटाळा एखाद्या सुतवाल्याच्या घरातच व्हावा, आणि तो आमच्या घरात झाला होता! मी मामांना समजावलं, की इथं उलटं असतं, इथं नंबर वाढला की माल विरळ होतो. ते मानायला तयार होईनात. उठले, खिशातून भिंग काढलं, खांबाला टेकवलं आणि त्याला डोळा लावला. दिवे चालू होते. "आयो!" म्हणून ते मागं सरकले. पुढचा बराच वेळ त्यांना सगळीकडं हिरवे गोळे दिसत होते आणि गुलाबी टॉवेलला ते पोपटी म्हणत होते. पण मामा हट्टी. मला दिवे बंद करायला लावून त्यांनी परत भिंग टेकवलं आणि मोजलं. मग जागा बदलून परत मोजलं.

"इंचात तीन सुद्दा न्हायत," ते हळूच म्हणाले. "तीन सुद्दा न्हायत गं. गोणपाट हाय हे."

ते गादीवर जाऊन बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं म्हणाले, "मला वाटलं, तू माज्या भ्यानं हलकं घेतलंस. पैलंच काम पोरीचं, म्हटलं. हलकं नको दिसाय." आणि मग, खांबाकडं बघत, "देऊन टाकू त्या बूटवाल्याला."

मला इतका राग आला होता, आणि तो काढायची जागाच या माणसानं ठेवली नाही. चांगुलपणानं वाटोळं करणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, मला अजून कळलेलं नाही. मी चाचांना परत फोन करून माल बदलून मागितला. ते तयार होते, पण लग्नाचे दिवस, सगळे पी-चार मांडवांमध्ये अडकलेले. लग्नसराई संपत येईल तेव्हा बदलून देतो म्हणाले. म्हणजे मुदत सगळी या गोणपाटासमोर काढायची होती. निदान विजेचे दिवे दिसतील म्हणून मी तो चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुधनीकडची एक म्हातारी दोन सुना घेऊन आत आली. घरात लग्न होतं, आहेराला चादरी हव्या होत्या. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मामांकडं बघितलं नाही. ती खांबापाशी जाऊन थांबली, वर-खाली बघितलं आणि ओरडली, "अय्य! मोर कुटं गेला?"

"कसला मोर?" मी विचारलं. मला वाटलं, चेष्टा करतेय.

"आत्ता हुता की! तितनं दिसला मला. पिसारा फुलवून हुता. मी आले आन् पळाला व्हय?" असं म्हणून ती खांबाला वळसा घालून मागं गेली. तिथं टॉवेलचे गठ्ठे होते. तिनं गठ्ठ्यांमागंही वाकून बघितलं. दोन्ही सुना तिच्या मागोमाग. मोर मिळेना म्हणून तिनं सोलापुरात चादर घेणारं कुठलंही माणूस जे करतं ते केलं. तिनं स्क्रीनला हात लावला, अंगठा आणि बोट यांत धरून त्याचा पोत बघायचा प्रयत्न केला, आणि मग कडेला नख घालून उलटी बाजू बघायला गेली. आमची चादर दोन्ही अंगांनी वापरायची असते, सुलट्या अंगावर जिथं तांबडं तिथं उलट्या अंगावर पांढरं. उलटी बाजू बघितल्याशिवाय चादर घेणारं माणूस आम्ही तरी अजून बघितलेलं नाही. पण हे तुकडे खांबावरच्या लोखंडी चौकटीला लोहचुंबकानं चिकटवलेले असतात. खट्ट आवाज झाला आणि वायरी लोंबत असलेला अख्खा तुकडा तिच्या हातात आला. तिनं तो शांतपणे उलटा केला, बघितला, आणि माझ्या हातात देत नाराजीनं म्हणाली, "उलट्या अंगाला नक्षी न्हाय की. कसलं काम म्हनायचं हे!"

आणि मामा हसले. सुरुवातीला मला कळलंच नाही तो आवाज कसला. मग बघितलं तर ते गादीवर दोन्ही हात पोटाला धरून हसत होते. म्हातारीला राग आला. तिला वाटलं, तिला खोट्यात काढतायत. ती मामांपुढं जाऊन उभी राहिली. "हसू नका. मोर हुता. माज्यासंगं चला, दावते तुमाला." आणि खरंच तिनं त्यांना गादीवरून उठवलं आणि हाताला धरून रस्त्यापलीकडं नेलं.

आमच्यासमोर रस्त्यापलीकडं लिंबाच्या झाडाखाली चहाची टपरी आहे. एसटीची वाट बघणारे, रिक्षावाले, बाजाराला आलेले, सगळे तिथं उभे असतात. आतून मला दिसत होतं, म्हातारी बोट दाखवतेय आणि मामा आमच्या दुकानाकडं बघतायत. मामांचं तोंड उघडं पडलं. मग ते तिथूनच ओरडले, "ए पोरी! मोर हाय!"

मोर होताच. फक्त त्याला बघायला बांधावर जायला हवं होतं, आणि ही गोष्ट मला, मंगळवेढ्यात वाढलेल्या बाईला, सुचली नव्हती! मी बाकापासून मोजत बसले, पण बाकावर बसायला मुळात गिऱ्हाईक होतंच कुठं? गिऱ्हाईक सगळं पलीकडं चहा पीत होतं. मीही जाऊन बघून यावं म्हणून दाराशी आले तर मामांनी पलीकडून हातानं थांबवलं. "तू आतच ऱ्हा. दुकानात माणूस नको व्हय?"

त्या दिवसापासून मामांनी गादी सोडली. सकाळी यायचे, देवाला उदबत्ती लावायचे आणि रस्ता ओलांडून पलीकडं. टपरीपाशी त्यांनी खडूनं एक रेघ मारली. चहा प्यायला आलेल्या माणसाच्या कोपराला धरायचं आणि म्हणायचं, "हितं हुबं ऱ्हावा. रेघंच्या भाईर न्हाय, आत. जरा मागं सरा. अजून थोडं. आता बघा." मागं सरता सरता एक जण गटारीत गेला. त्याला बाहेर काढून मामांनी मोर दाखवलाच, आणि पाय पुसायला टॉवेल घ्यायला लावला. हे करताना ते बोलायचे. आम्ही घरात दोन वर्षांत ऐकलं नसेल इतकं बोलायचे. मोर कसा विणतात, चोचीला रंग कुठून येतो, पदराला मोर उलटा का बसतो. मग त्या माणसाला धरून रस्ता ओलांडायचे, आणि रस्ता ओलांडेपर्यंत मोर नाहीसा झालेला असायचा. "कुटं गेला?" असं माणसानं विचारलं की मामा म्हणायचे, "घडी घालून कपाटात ठिवला. काढ गं पोरी." मी कपाटातली मोराची चादर त्याच्यापुढं उलगडायची.

खांबाला हात लावायची लोकांची खोड काही जाईना. तुकडे निघतच होते. दर एक-दोन दिवसांनी मोराच्या मानेत नाहीतर पायात काळं भोक पडलेलं असे आणि चाचा येऊन ते बसवून देत. शेवटी मामांनी खांबाशेजारी एक खरी चादर टांगली आणि प्रत्येकाला सांगायला लागले, "हात लावायचा हिला. उलटंपालटं करायचं हिला. त्यो नुसता बघायचा." लोक चादर उलटी-सुलटी करून बघायचे, आणि मामांची पाठ वळली की खांबाचाही कोपरा उचलून बघायचे.

आमची आत-बाहेर खुणांची भाषा तयार झाली. खांबावरची चित्रं बदलायचा लॅपटॉप माझ्याकडं. मामांनी पलीकडून हाताचा पंजा फुलवला की मोर. तळवा गालावरून फिरवला की टॉवेल. दोन्ही हात गालाखाली घेतले की बेडशीट. एकदा त्यांना डास चावला आणि त्यांनी गाल खाजवला. मी टॉवेल लावला. पलीकडून ते हातवारे करून नको नको म्हणत होते आणि तेवढ्या वेळात मी तीन प्रकारचे टॉवेल दाखवून झाले होते. रिक्षावाले टाळ्या वाजवत होते. काही जण फोनवर व्हिडिओ काढायचे. फोनमध्ये मोराच्या अंगावर आडवे पट्टे यायचे, मग मामा त्यांना रागवायचे, की असला पट्ट्यापट्ट्याचा माल आमच्याकडं मिळत न्हाय.

एका दुपारी नवरा एमआयडीसीतून काही सामान घेऊन आला. गादी रिकामी बघून त्याचा चेहरा उतरला. "आण्णा कुटं हायत?" त्यानं विचारलं. मी रस्त्यापलीकडं बोट केलं. मामा टपरीवर मिरचीभजी खात होते आणि खाता खाता एका फौजदारसाहेबांना मागं सरकवत होते. नवरा दारात उभा राहून बघत राहिला. मग पलीकडं गेला, वडिलांच्या शेजारी उभा राहून चहा प्याला, रेघेच्या आत उभा राहून मोर बघितला आणि गाडी काढून निघून गेला. संध्याकाळी जेवताना मला म्हणाला, "शेंगाचटणी वाढ जरा," आणि नंतर, "बरं केलंस." त्याच्याकडून हे म्हणजे लांबलचक भाषण झालं.

लग्नसराई संपत आली आणि शब्द दिल्याप्रमाणे चाचा पी-चारचे तुकडे घेऊन आले. मला आनंद झाला. आता मोर आतूनही दिसला असता. मामांनी ते खोकं उघडूसुद्धा दिलं नाही.

"परत न्हे," ते म्हणाले.

"सेठ, चारमधे आतून मस्त दिसंल," चाचा म्हणाले. "बाकावर बसूनशानी बघायचं, आरामात."

"आतून दिसाय लागलं तर भाईर कोन हुबारनार?" मामा म्हणाले आणि टोपी घालून पलीकडं गेले. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "चाचा, न्हेवा परत." चाचा खोकं उचलता उचलता म्हणाले, "माझ्या अख्ख्या धंद्यात दहा लावून खुश झालेला सेठ पयल्यांदा बघितला."

आणि मग बूटवाला आला. पांढरा शर्ट, लॅपटॉपची बॅग, तेच गोड हसू. गादी रिकामी होती. "काका नाहीत?" त्यानं विचारलं. धंदा बरा झाला होता, पण पैशांचा काही पाऊस पडत नव्हता. बूटवाल्याचं भाडं दुकानाच्या कमाईपेक्षा जास्तच होतं, हे मामांनाही कळत होतं. आणि त्यांनी शब्द दिला होता, लग्नसराई सरली की सांगतो. त्यांच्या मनात काय आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. भीतीच वाटत होती. मी रस्त्यापलीकडं बोट केलं आणि तो गेला.

आतून मला ऐकू काहीच येत नव्हतं. मधून एक ट्रॅक्टर गेला, मग एसटी. दिसलं ते एवढंच, की तो काहीतरी सांगायला लागला आणि मामांनी त्याच्या कोपराला धरलं. रेघेवर उभं केलं. मागं सरकवलं. अजून मागं. त्यानं एका हातानं बॅग सांभाळली आणि वळून गटार कुठं आहे ते बघून घेतलं. मग मामांनी माझ्याकडं बघून पंजा फुलवला. मी मोर सोडला. बूटवाला जरा वेळ बघत राहिला, मग हसला, आणि त्यानंही खिशातून फोन काढला. मामा त्याला रागावले.

ते दोघं रस्ता ओलांडून आत आले. "काढ गं पोरी," मामा म्हणाले. मी चादर उलगडली. त्यानं ती उलटी करून बघितली, आईसाठी एक घेतो म्हणाला. मामांनी घासाघीस केली! एक पैसा सोडला नाही. मी पिशवीत चादर भरत होते, तेव्हा बूटवाल्यानं एकदाचं विचारलं, "मग काका, काय ठरवलंत? दुकान कधी रिकामं करून देताय?"

मामांनी त्याच्या हातात पिशवी दिली. "दुकान रिकामं न्हाय ओ," ते म्हणाले. "तवा हुतं. आता न्हाय."

बूटवाल्याला हे नीटसं कळलं नसावं, पण तो मान हलवून निघाला. मी काही बोलायला तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, टोपी सारखी केली. "यष्टी आलीय बग दुधनीची," ते म्हणाले. "हाताकडं ध्यान ठेव, बोलत बसू नको." आणि ते रस्ता ओलांडून गेले.

लोक मला विचारतात, एवढं स्क्रीन-स्क्रीन करतेस, तुला कसा दिसतो गं तुमचा मोर? मला तो कधीच दिसलेला नाही. मी आत बसते, आणि माझ्यापुढं नुसते रंगीत दाणे डावीकडं चाललेले असतात. मला दिसतात ते मामा. रस्त्यापलीकडं, लिंबाखाली, हात वर करून, कुणाला तरी अजून एक पाऊल मागं सर म्हणून सांगताना.